मदत हवी आहे: दुसऱ्यांदा दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावी का?

निवांत_नाही
येत्या गुरुवारी सकाळपर्यंत मला डॉक्टरांना होय किंवा नाही कळवायचे आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. दोन वर्षांपूर्वी माझी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर जेमतेम आठ-नऊ महिने बरे गेले आणि आता ओटीपोटातले दुखणे पुन्हा पहिल्यासारखे, किंबहुना पहिल्यापेक्षा अधिक चिवट होऊन बसले आहे. गोळ्या मला मानवल्या नाहीत. सोनोग्राफी नॉर्मल आली आहे. डॉक्टरांचे म्हणणे असे की पुन्हा आत पाहिल्याशिवाय काही सांगता येणार नाही. ज्यांनी दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करून घेतली आहे त्यांनी कृपया एवढेच सांगावे की ती करावी की करू नये. धीर धरा, मन रमवा, हे सल्ले मला तोंडपाठ आहेत, ते कृपया देऊ नयेत. ओळखीच्या मंडळींच्या नजरेस पडू नये म्हणून वेगळ्या नावाने लिहीत आहे.

सायली_व
पहिली शस्त्रक्रिया कशासाठी झाली होती, हे तुम्ही लिहिलेलेच नाही. तुमचे वय, दुखणे फक्त पाळीत असते की महिनाभर असते, मूल हवे आहे का आणि न मानवलेल्या गोळ्या नेमक्या कोणत्या, यांपैकी काहीच ठाऊक नसताना करा किंवा करू नका असे कोणी सांगितले, तर तो केवळ नाणेफेकीचा कौल ठरेल.

मधुमालती
मी दुसऱ्यांदा करून घेतली आणि मला तिचा निश्चित उपयोग झाला, त्यामुळे माझे उत्तर ‘करा’ असे आहे. मात्र कोणाकडून आणि कोणत्या पद्धतीने करणार, हे आधी विचारून घ्या. माझ्या पहिल्या शस्त्रक्रियेत दिसलेले एंडोमेट्रिओसिस या आजाराचे ठिपके वरवर जाळले होते, दुसरीत ते मुळासकट कापून काढले. माझ्यापुरता तरी या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक पडला.

जुनाजाणता
आमच्या सौभाग्यवतींनी दहा वर्षे असेच काढले. शेवटी गर्भाशय काढून टाकले आणि विषय संपला. उगाच दोन-दोन, तीन-तीन वेळा भूल घेण्यापेक्षा एकदाच काय तो निकाल लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सायली_व
काका, आपल्या पत्नीला नेमका कोणता आजार होता?

जुनाजाणता
अ‍ॅडिनोमायोसिस. फाइलवर तसेच लिहिले आहे.

सायली_व
तरीच. अ‍ॅडिनोमायोसिसमध्ये अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूच्या भिंतीतच रुजलेल्या असतात, त्यामुळे गर्भाशय गेले की तो आजारही जातो. एंडोमेट्रिओसिसमध्ये त्याच प्रकारच्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणावर, अंडाशयांवर किंवा आतड्याजवळ वाढलेल्या असतात. त्या तिथेच राहू दिल्या आणि केवळ गर्भाशय काढले, तर दुखणे थांबेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. धागाकर्तीला यांपैकी काय आहे, हे तर अजून कळलेलेही नाही.

निवांत_नाही
एंडोमेट्रिओसिस, दुसरे काय असणार? मला वाटले ते उघड आहे. वय ३३. मूल नको असे नाही, पण सध्या तो विचार नाही. गोळी डायनोजेस्ट या हार्मोनची, २ मिलिग्रॅम होती. रोज थोडे थोडे अंगावरून जात होते आणि चिडचिड होत होती, म्हणून सात आठवड्यांनी मीच बंद केली. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत वेदनाशामक म्हणून मेफेनॅमिक अ‍ॅसिड घेते, पण त्याचाही आता पूर्वीसारखा परिणाम होत नाही. एवढे पुरेसे आहे का?

विदुला_१
एक बाळ होऊ द्या, सगळे आपोआप जागेवर येईल. माझ्या नणंदेचे असेच झाले.

मधुमालती
विदुलाताई, बाळ हा उपचार नव्हे. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काहींना तेवढ्यापुरते बरे वाटते, परंतु केवळ हा आजार बरा करण्यासाठी गर्भधारणेचा सल्ला देऊ नये, असे युरोपीय वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे. त्यांनी आत्ताच ‘सध्या तो विचार नाही’ असे लिहिले आहे, तेही वाचावे ही विनंती.

चौकस
सीए-१२५ ही रक्ताची तपासणी करून घेतली का? त्यातून निदान होते असे वाचले आहे. म्हणजे पुन्हा पोटात शिरण्याचा प्रश्नच उरणार नाही.

सायली_व
चौकस, त्या तपासणीवरून एंडोमेट्रिओसिसचे निदान करता येत नाही. आजार असूनही आकडा सामान्य असू शकतो, तसाच तो इतर अनेक कारणांनीही वाढतो. मधुमालतींनी उल्लेखिलेल्या मार्गदर्शिकेनेही निदानासाठी ती वापरू नये असेच सांगितले आहे. राहता राहिली नॉर्मल सोनोग्राफी. अंडाशयातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, किंवा खोलवर रुजलेला आजार अनुभवी हातांना सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसतो, पण पोटाच्या आवरणावरचे बारीक ठिपके सहसा दिसत नाहीत. त्यामुळे नॉर्मल अहवालाचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नाही, आणि ‘नक्की आजार परतला आहे’ असाही होत नाही.

निवांत_नाही, आता गोळीविषयी. डायनोजेस्टच्या पहिल्या काही महिन्यांत अनियमित रक्तस्राव होणे अगदी नेहमीचे आहे आणि पुढे तो बहुतेकींचा कमी होत जातो. सात आठवड्यांवर बंद केलीत म्हणजे ते स्थिरावण्याच्या आधीच बंद केलीत. मनःस्थितीवरचा परिणाम मात्र अंगावर काढू नये, तो डॉक्टरांना सांगून दुसरे हार्मोन निवडता येते. माझा खरा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर तुम्ही दोन्ही वेळा टाळले आहे: पाळी नसताना काय होते? बसल्यावर, लघवीच्या वेळी, शौचाच्या वेळी आणि संबंधांच्या वेळी काय होते? आणि पहिल्या शस्त्रक्रियेच्या कागदावर काय लिहिले आहे?

अनुभवी_आई
मला गॅबापेंटिन या मज्जातंतूंच्या दुखण्यावरच्या औषधाने पुष्कळ फरक पडला, ते मागून पाहा.

सायली_व
तुम्हाला पडला याचा आनंद आहे, पण सरसकट सल्ला म्हणून ते टिकत नाही. लॅप्रोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आत पाहून, दुखण्याचे कोणतेही कारण न सापडलेल्या ३०६ स्त्रियांवरचा अभ्यास २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गॅबापेंटिन हे औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले नाही. चक्कर आणि गुंगी मात्र अधिक जणींना आली.

अनुभवी_आई
म्हणजे माझा अनुभव खोटा?

सायली_व
तसे मी म्हटलेले नाही.

निवांत_नाही
काल रात्री कपाटातून फाइल काढली. दोन वर्षांत ती पहिल्यांदाच उघडली हे कबूल करते, कारण त्या वेळी ‘सगळे साफ केले’ हे एकच वाक्य मी कानात साठवून घरी आले होते. शस्त्रक्रियेच्या टिपणात लिहिले आहे की आजार पहिल्या टप्प्याचा होता, गर्भाशयाच्या मागच्या बाजूला डावीकडे तीन ठिपके दिसले, ते जाळले, दोन्ही अंडाशय आणि नळ्या व्यवस्थित होत्या. तुकडा तपासणीला पाठवल्याचा उल्लेख कुठेच नाही. पहिला टप्पा हे वाचून मला अपमानास्पद वाटले. इतके दुखते आणि हा पहिला टप्पा?

पाळी नसतानाचे विचारले आहे, तर सांगते. इथे लिहायला संकोच वाटत होता, म्हणून टाळले. पूर्वी दुखणे पाळीच्या चार दिवसांत असायचे. गेल्या वर्षभरात ते महिनाभर आहे, आणि त्याची जातही बदलली आहे. पाळीतली कळ लाटेसारखी येते आणि ओसरते, पण हे डावीकडे आत कोणी अंगठा रोवून ठेवल्यासारखे सतत असते. कार्यालयात मी खुर्चीच्या कडेवर उजव्या मांडीवर भार देऊन बसते. समोरच्या सहकाऱ्याला वाटते मी कायम उठण्याच्या बेतात आहे. लघवी झाल्यानंतर आत जळजळ राहते. मी दारामागे उभी राहून आकडे मोजते आणि बहुधा साठ-सत्तरपर्यंत ती ओसरते. तपासणीत दोनदा जंतुसंसर्ग नाही असे आले. संबंधांनंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठणका असतो, त्यामुळे ते जवळजवळ बंदच झाले आहे. हे मी कोणत्याही डॉक्टरांना एवढ्या सविस्तरपणे सांगितलेले नाही. त्यांनी ‘दुखते का’ विचारले, मी ‘हो’ म्हटले.

मधुमालती
टप्प्याचे मनावर घेऊ नका. पहिला ते चौथा हे टप्पे डोळ्यांना दिसणारा आजार मोजतात, वेदना मोजत नाहीत. चौथ्या टप्प्याच्या काहींना काहीच दुखत नाही. ठिपके जाळलेच होते, म्हणजे माझा मुद्दा सिद्ध झाला. कापून काढणाऱ्या तज्ज्ञांकडे जा.

पाठकणा
मी या क्षेत्रात काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून एरवी गप्प राहते, पण वरचे वर्णन वाचून राहवले नाही. बसल्यावर वाढणारे, एका बाजूला अंगठा रोवल्यासारखे, लघवीनंतर काही क्षण रेंगाळणारे आणि संबंधांनंतर दुसऱ्या दिवसापर्यंत टिकणारे दुखणे ऐकले की माझ्या मनात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, म्हणजे पेल्व्हिक फ्लोअर, आधी येतात. वर्षानुवर्षे दर महिन्याला आत कळ उठत असेल, तर हे स्नायू ती अडवण्यासाठी आवळले जातात आणि मूळ कारण शमल्यानंतरही आवळलेलेच राहू शकतात. मग स्नायू स्वतःच दुखू लागतो. लॅप्रोस्कोपीचा कॅमेरा पोटाच्या पोकळीत फिरतो, त्यात आवळलेला स्नायू दिसत नाही. तो हाताला लागतो. एका बोटाने आतून हळूच दाबत गेले, की रुग्ण स्वतःच सांगते, ‘हेच ते दुखणे’. अशी तपासणी तुमची कोणी केली आहे का?

याचा अर्थ एंडोमेट्रिओसिस नाही असा मुळीच नाही. दोन्ही एकत्र असणे नेहमीचे आहे. मूत्राशयाची स्वतंत्र वेदनाही असू शकते, तिचाही विचार व्हायला हवा. अंदाजाने निदान मी करणार नाही, पण स्नायू न तपासता भूल घेण्याची घाई मला पटत नाही.

चौकस
मग केगल व्यायाम रोज शंभर वेळा करावेत. इंटरनेटवर सगळीकडे तेच सांगतात.

पाठकणा
कृपया नको. केगल म्हणजे हे स्नायू आवळण्याचा व्यायाम. जी मूठ उघडतच नाही तिला आणखी आवळायला सांगून काय साधणार? आधी सोडायला शिकावे लागते. पाठीवर झोपून गुडघे उशीवर सैल टेकवावेत आणि श्वास पोटात घ्यावा. श्वास आत घेताना छाती आणि पोटामधला पडदा खाली जातो, त्याबरोबर हा तळही खाली उतरतो, ते उतरणे नुसते जाणवू द्यायचे. जोर लावायचा नाही. पहिले काही दिवस बहुतेकींना काहीच जाणवत नाही. पुढचे सारे तपासणीनंतर.

मधुमालती
म्हणजे शस्त्रक्रिया नकोच, असे तुमचे म्हणणे आहे का? आम्हा रुग्णांना आधी वर्षानुवर्षे ‘काही नाही’ म्हणून परत पाठवतात आणि मग कोणीतरी श्वास घ्या म्हणते, तेव्हा संताप येतो.

पाठकणा
तुमचा संताप रास्त आहे. शस्त्रक्रिया नकोच असे मी म्हटले नाही. ती कशासाठी करायची हे ठरवून करावी, एवढेच म्हणणे आहे. त्यांना दोन प्रकारची दुखणी आहेत आणि ती त्यांनी स्वतःच वेगळी करून दाखवली आहेत. लाटेसारखी कळ कदाचित हार्मोनला किंवा शस्त्रक्रियेला दाद देईल. अंगठा रोवल्यासारखे दुखणे मात्र, ठिपके जाळा किंवा कापा, तिथेच राहण्याची शक्यता आहे, आणि मग त्या म्हणतील की दुसरी शस्त्रक्रियाही फसली.

सायली_व
यात मी एका गोष्टीची भर घालते. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर तुम्हाला पाळीवर नियंत्रण ठेवणारे कोणतेही हार्मोन सुरू केले होते का? लगेच मूल नको असेल, तर पाळीची वेदना परतू नये यासाठी गर्भाशयात बसवायचे लेव्होनॉरजेस्ट्रेल या हार्मोनचे साधन किंवा दोन हार्मोनांची एकत्रित गर्भनिरोधक गोळी किमान १८ ते २४ महिने वापरावी असे सुचवले जाते. आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिड दुखणे चढल्यावर घेता की आधी? कळ आणणारे प्रोस्टाग्लँडिन हे रसायन तयार होण्यालाच ते अटकाव करते, त्यामुळे कळ ऐन भरात आल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग कमी होतो.

निवांत_नाही
हार्मोन काहीच दिले नव्हते. डायनोजेस्ट यंदाच दिली. मेफेनॅमिक मी सहन होईनासे झाल्यावरच घेते, कारण उगाच गोळ्या घेऊ नयेत असे वाटते.

जुनाजाणता
एवढी चर्चा करण्यापेक्षा गर्भाशय काढणे सोपे आहे, हे मी पुन्हा नमूद करतो.

निवांत_नाही
गुरुवारचे सांगते, कारण दोघींनी व्यक्तिगत निरोपात विचारले आहे. होय किंवा नाही, दोन्ही कळवले नाही. फाइल घेऊन गेले आणि कागदावरून वाचून दाखवले, कारण तोंडी सांगताना मी नेहमी अर्धे गिळते. पहिल्यांदा डॉक्टरांनी बराच वेळ मध्ये न बोलता ऐकले. मग पाठकणा यांनी सांगितलेल्या तपासणीबद्दल विचारले. त्यांनी डावीकडे एका जागी बोट टेकवले आणि मी टेबलाची कडा घट्ट धरली. तेच दुखणे, अगदी तेच. उजवीकडे तितकेच दाबले तर फक्त दाब जाणवला. त्या म्हणाल्या की हे आपण आधी पाहायला हवे होते.

शस्त्रक्रियेची तारीख तीन महिने पुढे ढकलली आहे. तोवर पेल्व्हिक फ्लोअरची फिजिओथेरपी करायची आहे, मेफेनॅमिक पाळीची चाहूल लागताच जेवणानंतर घ्यायचे आहे, आणि डायनोजेस्ट पुन्हा सुरू करायची आहे, या वेळी चिडचिड वाढली तर स्वतः बंद न करता फोन करायचा या अटीवर. दोन्ही दुखण्यांची नोंद दोन वेगवेगळ्या रंगांनी ठेवायला सांगितली आहे. पाळीची कळ तीन महिन्यांनीही तशीच राहिली, तर दुर्बीण आहेच, आणि तेव्हा कापून काढणार की जाळणार आणि तुकडा तपासणीला जाणार का, हे मी आधी विचारणार आहे. मधुमालती, तुमचा मुद्दा मी सोडलेला नाही.

आज चौथा दिवस आहे. श्वास घेताना काहीही खाली उतरल्याचे जाणवत नाही.

पाठकणा
चौथ्या दिवशी जाणवले असते तर मलाच आश्चर्य वाटले असते. दोन आठवड्यांनी लिहा.

नवा_सभासद
धागा आत्ताच पाहिला, वरचे सगळे प्रतिसाद वाचलेले नाहीत. तुमचे वय किती आणि गोळी कोणती घेतली होती, ते लिहिल्यास सल्ला देता येईल.