नांदेडच्या शीख मित्राला गृहप्रवेशाची भेट: गुरुमुखी अक्षरांचं आजचं चित्र कुठे मिळेल?

गोदाकाठ: शेजारच्या सरदारजींचा मुलगा माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याने नवा फ्लॅट घेतलाय. कॅलेंडरछाप तसबीर नको, आजच्या चित्रकाराचं काम हवं, गुरुमुखी (पंजाबीची लिपी) असेल तर फारच छान. बजेट फ्रेमसकट 6,000.

रंगरेषा: डोळे झाकून सिंग ट्विन्सचा प्रिंट घ्या. लिव्हरपूलच्या जुळ्या बहिणी, अमृत आणि रबिंद्र. लघुचित्रांची जुनी शैली, विषय मात्र आजचे. फक्त 1984 वालं चित्र घरभरणीला नेऊ नका, ते सुवर्ण मंदिरावरच्या लष्करी कारवाईचं आहे. माझा प्रिंट कस्टम ड्यूटीसकट बराच वर गेला, पण पाहुणे त्याच्यासमोरून हलत नाहीत.

गोदाकाठ: बजेट 6,000 आहे हो.

ब्रॅम्प्टनकर: आमच्याकडे कॅनडात कीरत कौर यांचं काम बघा, गुरुमुखी आणि चित्र दोन्ही. आणि ब्रिटनमधलं कलेचं मोठं टर्नर पारितोषिक 2024 मध्ये ग्लासगोच्या जसलीन कौरना मिळालं, हे इथे किती जणांना माहीत आहे? क्रोशाच्या प्रचंड रुमालाने झाकलेली अख्खी फोर्ड गाडी मांडली होती त्यांनी!

वऱ्हाडी_ठेचा: गाडी भेट द्यायची का आता? भाऊ, मी सांगतो ते ऐका. ऑनलाइन मूलमंत्राचा, म्हणजे गुरु ग्रंथ साहिबच्या सुरुवातीच्या ओळींचा, कॅनव्हास मागवला होता. 'सति'मधली सिहारी, म्हणजे आपली पहिली वेलांटी, 'त'च्या आधी यायला हवी, ती नंतर छापलेली. 'नामु'च्या 'म'खालचं औंकड, म्हणजे आपला पहिला उकार, गायब. विक्रेता म्हणे, डिझाइन आहे. पैसे बुडाले. छपाईआधी नमुना मागवा आणि गुरुमुखी वाचणाऱ्याला दाखवा.

इंद्रायणी: नामदेवांचं पद लिहून घ्या ना! गुरु ग्रंथ साहिबमध्ये त्यांची 61 पदं आहेत. नांदेडच्या माणसाला याहून जवळचं काय असेल? नरसी तर शेजारच्याच जिल्ह्यात.

चंद्रभागा: जन्म पंढरपूरचा मानणारेही आहेत.

इंद्रायणी: नरसीच. त्यावर वेगळा धागा काढा.

हुजूरी: मी नांदेडचाच आहे, शीख आहे. पद गुरबाणीतलं, म्हणजे गुरु ग्रंथ साहिबमधलं असेल तर ते सोफ्याच्या मागे, टीव्हीखाली, चपलांजवळ लागत नाही. जागा त्यांना ठरवू द्या, म्हणून आधी विचारा. नाहीतर अर्पणा कौर यांच्या चित्रांचं पुस्तक द्या, दिल्लीच्या मोठ्या चित्रकार आहेत.

रंगरेषा: पुस्तक कपाटात जातं. सिंग ट्विन्सच घ्या.

चौकटवाला: चित्र कुठलंही घ्या, काच आणि कागद चिकटू देऊ नका. मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवाच, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला धरतो. मी घरी सगळीकडे ॲक्रिलिक लावलंय.

गोदाकाठ: सगळ्यांचे आभार. ठरलं: प्रिंट नाही, पदही नाही. इथल्याच एका कॅलिग्राफी करणाऱ्या मुलीकडून पैंती, म्हणजे गुरुमुखीची मुळाक्षरं, लिहून घेतेय. 35 अक्षरं, पाच-पाचच्या सात ओळी, ऊडा-ऐडापासून. जाड हातकागद, काळी शाई, फक्त पहिली ओळ केशरी. नुसती मुळाक्षरं आहेत, हॉलमध्येही लावता येतील. त्याची मुलगी आता अक्षरं गिरवायला लागलीय, तिच्या उंचीवर लावा म्हणणार आहे. अक्षरं मित्राच्या आईने तपासली, 'ङ'चं वळण बदलून घेतलं. फ्रेमसकट 4,500.

रंगरेषा: अजून 1,500 उरलेत. थोडे घालून छोटा प्रिंट येईल.

चौकटवाला: हातकागद ओल लवकर धरतो. मागून सीलबंद करून घ्या, आणि काच नको, ॲक्रिलिक.

वऱ्हाडी_ठेचा: ॲक्रिलिकवर ओरखडे पडतात. काचच घ्या.