स्फुरदाच्या चाचणीत ब्लँकच निळा! आणि पिंजऱ्यात मॉलिब्डेनम बाराच का?

पिंपळगावची_माती
नमस्कार. पिंपळगाव बसवंतला माती परीक्षण करते. ऑक्टोबर छाटणी तोंडावर, द्राक्षबागांच्या पिशव्या दारापर्यंत लागल्यात. जमिनी चुनखडीच्या, म्हणून ओल्सेन पद्धत: बायकार्बोनेटचा अर्क, त्यात मॉलिब्डेट (मॉलिब्डेनम धातूचा क्षार), ऍस्कॉर्बिक ऍसिड, मग निळा रंग, स्फुरद जास्त तितका गडद. काल ब्लँकच निळा झाला, ज्यात स्फुरद नाहीच तो. अख्खी बॅच फेकली, जीव हळहळला.

आणखी एक. फॉस्फेटभोवती (स्फुरद आणि चार ऑक्सिजन मिळून फॉस्फेट) बारा मॉलिब्डेनमचा पिंजरा आपोआप बनतो म्हणतात. नळीत मोजणारं कोणी नाही, मग अकरा नाही, वीस नाही, बाराच कसे?

गंगापूररोडचे_मास्तर
ताई, दोन्हींचं उत्तर ऍसिडमध्ये आहे.

अल्कलीत मॉलिब्डेनम सुटा असतो, प्रत्येकाभोवती चार ऑक्सिजन. ऍसिड पडलं की शेजारच्या दोघांमधला एक ऑक्सिजन पाणी होऊन निघून जातो, दुसरा सामाईक राहतो. ही जोडणी पक्की नसते, जुळते आणि सुटते. म्हणूनच चुकीची जुळणी टिकत नाही. फॉस्फेट मधोमध आलं की त्याच्या चार ऑक्सिजनांपैकी प्रत्येकावर तीन मॉलिब्डेनम टेकतात. चार त्रिक बारा. शिवाय प्रत्येक मॉलिब्डेनमचा एक ऑक्सिजन दुहेरी बंधानं बाहेर तोंड करून असतो, तो नव्याला सहसा हात देत नाही. वाढ तिथंच थांबते. रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसनं याचा पिवळा साका १८२६ मध्ये पाहिला, रचना मात्र केगिननं १९३३ मध्ये क्ष-किरणांनी उलगडली, तीही याच्या टंगस्टनवाल्या भावंडावर. मला आजही हे विलक्षण वाटतं.

आता ब्लँक. बायकार्बोनेट ऍसिड खातं. ऍसिड कमी पडलं की मॉलिब्डेट फॉस्फेटशिवायच एकमेकांना धरतं, ऍस्कॉर्बिककडून इलेक्ट्रॉन घेतं आणि निळं होतं. अर्कात पी-नायट्रोफिनॉल (अल्कलीत पिवळं, ऍसिडमध्ये रंगहीन होणारं दर्शक) घाला, पिवळा जाईपर्यंत थेंबथेंब सल्फ्युरिक सोडा. फेस पूर्ण बसू द्या, मगच मॉलिब्डेट.

सातपूर_लॅब
मास्तरांशी सहमत. मॉलिब्डेट काचेत ठेवू नका, प्लास्टिकची बाटली घ्या. काचेतलं सिलिकेटही अगदी तसाच पिंजरा बनवतं. आर्सेनेटही.

पिंपळगावची_माती
मास्तर, परवा बनवलेलं ऍसिड पातळ निघालं. नवीन केलं, ब्लँक आता पाण्यासारखा. मग एका नळीत फॉस्फेटचं कडक द्रावण घेतलं, ऍसिड आणि मॉलिब्डेट घातलं. पिवळा आला. ऍस्कॉर्बिकचा थेंब पडला तसा आधी हिरवट झाला, मग निळा. चार वर्षं ही चाचणी करतेय, मधला पिवळा आज पहिल्यांदा पाहिला.