डिसेंबरात आईला घेऊन कोकण, ५ दिवस. गुहागर की मालवण?

नाशिककर_मीनल
नाताळच्या सुट्टीत आम्ही ५ जण निघतोय, त्यात आई ७१ वर्षांची, तिचे गुडघे दुखतात आणि मुलगा ७ वर्षांचा. आईने आयुष्यात समुद्र दोनदाच बघितलाय, तोही मुंबईत गर्दीत, म्हणून यावेळी तिला निवांत किनारा दाखवायचाय. ती शाकाहारी, आम्ही बाकीचे मासे खाणारे. नवऱ्याचं म्हणणं गुहागर, गणपतीपुळे, मालवण सगळं करून येऊ, मला ते पटत नाहीये. तुम्ही कुठे राहिलात आणि काय आवडलं ते सांगा प्लीज.

सुहास_चिपळूण
मीनलताई, सगळं करायच्या नादात आईचे पाच दिवस गाडीत जातील. गुहागर ते मालवण म्हणजे पूर्ण दिवस रस्त्यात. एकच जागा धरा.

माझं मत गुहागर. चिपळूणपासून ४५ किमीच्या आसपास आहे, ट्रेनने आलात तरी चिपळूणला उतरून गाडी मिळते. गावात घरं अशी आहेत की पुढे रस्ता आणि मागे नारळ-पोफळीची वाडी थेट समुद्रापर्यंत, त्यामुळे घरगुती राहायची सोय बघताना एवढंच विचारा की वाडीतून किनाऱ्यावर जाता येतं का. गेल्या वर्षी माझी मावशी अशाच एका घरी राहिली होती, डिसेंबरात खळ्यात सुपारी वाळत घातलेली असते, ती रोज सकाळी त्या घरच्या काकूंबरोबर सुपारी उलटीपालटी करत बसायची, मग काठी टेकत वाडीतून जायची, शेवटचं बेडं (कुंपणातलं आडव्या बांबूंचं फाटक) ओलांडलं की पायाखाली लगेच वाळू. समुद्र दिसायच्या आधी आवाज येतो तिथे. मावशी अजून त्याच वाटेबद्दल बोलते, देवळांबद्दल नाही. (देवळंही सुंदर आहेत, व्याडेश्वर अगदी गावात आहे.) त्या घरी जेवण शाकाहारीच होतं, उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगून ठेवायचे. माशांसाठी तुम्ही एखाद्या दुपारी बाहेरच्या खानावळीत जा.

गणपतीपुळे बघायचंच असेल तर तवसाळहून जयगडला फेरीबोट आहे, गाडीसकट पलीकडे जाता येतं. मुलाला गणपतीपुळ्यापेक्षा ती बोटच जास्त आवडेल.

देवबागचो
मी मालवणचा, तरी सुहासदादांशी सहमत, एकच जागा करा. पण मालवणचीही बाजू ऐका. देवबागला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, मध्ये चिंचोळी पट्टी. खाडीच्या बाजूला खोली घेतलीत तर आई अंगणात खुर्ची टाकून दिवसभर पाणी बघू शकते, लाटा नाहीत, चालायचं काम नाही. माशांचं तर सांगायलाच नको, ताजा बांगडा, तिसऱ्या, वर सोलकढी. सिंधुदुर्ग किल्ल्याला मात्र होडीत चढउतार आहे, गुडघ्यांचा विचार करून ठरवा. मुलाला नक्की न्या, १६६४ साली काम सुरू झालेला किल्ला, चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी, हे तो विसरणार नाही. तुमी आवशीक घेवन येवा, पण घाईत येव नकात.

अनघा_दापोली
कुठेही जा, भरतीची वेळ बघून जा. आम्ही एकदा हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर वेळ न बघता उतरलो आणि खडकांत असताना पाणी चढायला लागलं, लेकीला कडेवर घेऊन कंबरभर भिजत परत आलो. ती भीती अजून गेलेली नाही, म्हणून प्रत्येकाला सांगते.

हिशोब सोपा आहे. शुद्ध असो की वद्य, तिथीला ३ने गुणायचं, ४ने भागायचं, ती पूर्ण भरतीची वेळ, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या सुमारास. थोडं मागेपुढे होतं. साधारण ६ तासांनी ओहोटी. मुलाला गुडघ्याच्या वर पाण्यात सोडू नका आणि पाणी उतरत असताना तर नकोच, आत ओढ असते.

गुहागरला गेलात तर हेदवीला बामणघळ आहे, खडकातल्या अरुंद भेगेत लाट घुसते आणि पाणी उंच उसळतं. ते फक्त भरतीलाच, ओहोटीला जाऊन लोक "काही नाहीये इथे" म्हणून परत येतात. लांबूनच बघा, खडक निसरडे असतात. दशभुज गणेशाचं देऊळही तिथेच गावात.

नाशिककर_मीनल
सगळ्यांचे मनापासून आभार! आईला सुहासदादांचा प्रतिसाद वाचून दाखवला, ती म्हणाली सुपारीवाल्या घरी जाऊ. म्हणजे गुहागर, पाचही दिवस. देवबाग पुढच्या वर्षी नक्की, नवऱ्यालाही खाडीचं ऐकून पटलंय. कालनिर्णय काढून बसले होते, आम्ही पोचतो त्या दिवशी दशमी आहे म्हणजे भरती साडेसातला, आणि द्वादशीला ९ वाजता. तर द्वादशीला सकाळी लवकर आवरून हेदवी, आधी बामणघळ, मग देऊळ. अनघाताई, हिशोब बरोबर केलाय ना?

अनघा_दापोली
अगदी बरोबर. साडेआठलाच पोचा, पाणी चढताना बघायला मिळेल.