मदत हवी आहे: परदेशात स्वयंसेवक म्हणून राहून आलेल्यांना आठवीच्या वर्गाशी कसं जोडायचं?

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीतल्या मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला भूगोल शिकवते. अमेरिकेच्या पीस कोअरने (स्वयंसेवकांना परदेशात कामाला पाठवणारी तिथली सरकारी संस्था) १९८९ मध्ये वर्ल्ड वाइज स्कूल्स हा उपक्रम सुरू केला, त्यात परदेशी गावांत काम करणारे स्वयंसेवक अमेरिकेतल्या शाळांतल्या मुलांशी पत्रांतून बोलायचे, तसं काहीतरी आपल्या मुलांसाठी करायचंय. पाण्यावरचा एक इंग्रजी धडा मराठीत करून घेतला, मुलांना आवडला पण प्रश्न सगळे "ते लोक इतके गरीब का" याच्याच भोवती फिरले आणि मला नेमकं तेच नकोय. तिकडची मुलं काय खेळतात, बाजार कसा भरतो, पाऊस लांबला की शेतकरी काय करतो हे कळलं पाहिजे, दया नको, ओळख हवी.

दोन-तीन संस्थांना मेल केले, सगळ्यांना इंग्रजीत वेबिनार हवाय किंवा फी. आमच्याकडे बजेट नाही, प्रोजेक्टर एकच, तास ३५ मिनिटांचा, दुपारची शाळा. केनिया आपल्या अडीच तास मागे म्हणजे थेट कॉल जमेल, अमेरिकेत तेव्हा रात्र असते. मुख्याध्यापकांची परवानगी आहे, पालकांची संमती घेईन, मुलांचे फोटो मात्र कुठेही टाकणार नाही.

आफ्रिकेत किंवा नेपाळमध्ये काम करून आलेलं, मराठीत किंवा सोप्या हिंदीत बोलू शकेल असं ठाणे-नवी मुंबईत कोणी माहितीये का? आणि ज्यांनी असा तास घेतलाय त्यांनी प्लीज सांगा, पाहुणा येण्याआधी मुलांकडून नेमकं काय करून घेतलंत की प्रश्न गरिबीच्या पलीकडे गेले?