बर्फातले फोटो करडे का येतात
गावातले बर्फाचे फोटो सगळे करडे, मळकट आलेत म्हणालात ना, त्यात कॅमेरा बिघडलेला नाही, त्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतं म्हणून पांढरं दिसलं की उजेड कमी करतं, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड कमी-जास्त करायची सेटिंग, +१ ते +२ वर न्या. आमच्या मराठवाड्यात बर्फ कुठला, पण २०१४ च्या गारपिटीत औशाजवळचं आमचं रान असंच पांढरं झालं होतं, गारांखाली हरभऱ्याचे घाटे फुटून मातीत रुतलेले, अन् मी मोबाईलवर काढलेल्या फोटोत गारा कोणत्या अन् ढेकळं कोणती तेच कळंना, फार जीव तुटला. स्क्रीनवर बोटानं उजेड वाढवता येतो हे तेव्हा ठाऊकच नव्हतं. आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते, जादाची एक आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा.