गेट या क्रियापदाचे नेमके अर्थ तरी किती?

मिरजकर:
नमस्कार मंडळी, स्टाफ सिलेक्शनची तयारी करतोय, बाकी ग्रामर जमतं पण या गेटने पार वैताग आणलाय. शाळेत गेट म्हणजे मिळणे एवढंच शिकलो आणि आता उताऱ्यात गेट टायर्ड, गेट होम, गॉट कॉट असं काहीही येतं, वहीत यादी करायला घेतली तर ती संपेचना. पाठ कसं करायचं?

क्लासवाले सर:
यादी सोड भावा, गेटच्या पुढे काय आलंय ते बघ. नाम असेल तर बहुतेक वेळा मिळणे नाहीतर आणणे, गेट मी सम वॉटर. विशेषण आलं की होणे, गेट अँग्री. जागा आली की पोचणे, गेट टू द स्टेशन, पण गेट होम, तिथे टू नको. खरी गोची पुढे आहे. न्हाव्याकडे जाऊन आलो तरी आपण 'केस कापले' असंच म्हणतो ना, म्हणून पोरं सरळ आय कट माय हेअर लिहितात, म्हणजे कात्री घेऊन स्वतःच कापले! तिथे आय गॉट माय हेअर कट, म्हणजे कापून घेतले. आधी वस्तू मग क्रियापदाचं तिसरं रूप. माणसाकडून काम करून घेतलं तर टू, आय गॉट हिम टू साइन.

वाचनवेडी:
सरांना अनुमोदन. आपलं लागणे बघ की, भूक लागते, नोकरी लागते, वाटेत गाव लागतं, पोर रडायला लागतं, कोणी आपली मावशी लागते. कधी पाठ केलं का आपण? आय हॅव गॉट टू गो म्हणजे मला जावं लागणार, इतकं जवळचं आहे. आणि गेट एकटं नाही बरं, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीवाल्यांनी रन या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजलेत.

न्यूजर्सीकर:
इकडे अमेरिकेत अजून एक भर, आय हॅव गॉट अ कार म्हणजे गाडी आहे, आणि आय हॅव गॉटन अ कार म्हणजे गाडी घेतली. ब्रिटनमध्ये गॉटन फारसं वापरत नाहीत, तू परीक्षेत गॉटच लिही.

मिरजकर:
खूप आभार सगळ्यांचे, बरंच सुटसुटीत झालं. मग गॉट मॅरीड कुठे बसवू?

क्लासवाले सर:
होणे मध्ये, लग्न झालं. गॉट कॉट पण तिथेच, पकडला गेला. फक्त 'तिच्याशी' म्हणून विथ लावू नको, गॉट मॅरीड टू हर.