मदत हवी आहे: बांधावरचं लाकूड चिकन स्मोक करायला चालेल का?

शेतकट्टा: बांधावरचं झाड पाडलंय. लाकूड जड, गाभा तांबूस, कडेनं पिवळट. रविवारी दोन कोंबड्या स्मोकरमध्ये लावायच्यात. झाड कोणतं, चालेल का? लवकर सांगा.

रानवाट: गाव कुठलं? पान, फूल, शेंग, काटा, चीक, काहीच लिहिलेलं नाही. नुसत्या रंगावरून लाकूड ओळखत नाहीत. चीक येत असेल तर आधी बाजूला ठेवा. कण्हेर आणि बिट्टी विषारी, बिब्ब्याचा धूर अंगावर उठतो.

माडवाडी: एवढी भानगड कशाला? पेरूचं लाकूड आणा. कोंबडीला त्याच्यासारखं दुसरं नाही.

शेतकट्टा: पेरू नाहीये इथे. सोलापूरजवळ. चीक नाही, काटे जोडीजोडीनं. महिन्यापूर्वी पाडलं.

रानवाट: म्हणजे बाभूळ नाहीतर वेडी बाभूळ. बुंध्याखाली शेंग शोधा. राखाडी आणि दाण्यादाण्यापाशी आवळलेली, माळेसारखी असेल तर बाभूळ, तिचं फूल पिवळा गोल गोंडा. पिवळसर, जवळपास सरळ, गर गोड असेल तर वेडी, तिचं फूल बोटभर लांब तुरा.

सातबारा: तोडायची परवानगी घेतली होती का? १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, खैर आहेत.

रानवाट: त्यांनी ते विचारलेलं नाही. बाभूळ त्या यादीत नाही.

शेतकट्टा: शेंग सापडली. पिवळी, सरळ.

निखारा: वेडी बाभूळच. टेक्ससमध्ये ज्या मेस्कीटवर मांस भाजतात तिची जातभाई. बिनधास्त वापरा.

माडवाडी: बिनधास्त कसं? कडू होतं त्या धुरानं.

निखारा: कडू होतं ते ओल्या लाकडानं आणि सालीनं. ओलं लाकूड धुमसतं, पांढरा दाट धूर येतो आणि त्यातलं डांबर कातडीवर बसतं. महिन्याभराचं ओंडक्याचं लाकूड ओलंच असणार. साल तासा, अंगठ्याएवढ्या चिपा करा. २०० ग्रॅम चिपा ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवून वजन घटायचं थांबेपर्यंत तोला. १७० च्या आसपास थांबलं तर लाकूड वापरण्याजोगं. १४० वर आलं तर ओलं, मग बाकीच्या चिपाही तशाच वाळवून घ्या. धूर मुख्यतः कोळशावर चालवा, चिपा फक्त दोन मुठी, त्याही पहिल्या तासात. हे लाकूड उग्र आहे, जास्त घातलंत तर मसाल्याची चवच जाईल. धूर पातळ, निळसर दिसला पाहिजे.

शेतकट्टा: उष्णता किती? ११० ठेवू का?

निखारा: कोंबडीला १३५. ११० वर कातडी रबरासारखी चिवट राहते. मांडीच्या जाड भागात, हाडाला न लागता, थर्मामीटर ७४ च्या वर गेला की काढा. घड्याळावर जाऊ नका.

माडवाडी: बांगड्याला नारळाची सोडणं चालतात का?